पित्ताची गोळी : निवड कोणाची, भुर्दंड कोणाला?

औषधांच्या दुकानात ज्या वस्तू चिठ्ठीवाचून, विचारपुशीवाचून आणि बहुधा नावावाचूनही मागितल्या जातात, त्यांत पित्ताच्या गोळीचा क्रम फार वरचा लागेल. ‘पित्ताची एक स्ट्रिप द्या’ एवढे म्हटले की काम भागते. फलटणसारख्या तालुक्याच्या गावी साखर कारखान्यातील रात्रपाळीचा कामगार, पहाटेच्या एसटीने वाडीवरच्या शाळेत जाणारा शिक्षक, मार्चअखेरचे हिशेब पुरे करणारा कारकून आणि परीक्षेच्या दिवसांत चहावर राहणारा विद्यार्थी हे चौघेही या एकाच गोळीचे गिऱ्हाईक असतात. चौघांचा आजार एकच आहे असे मानण्याचे काही कारण नाही. तरीही चौघांच्या हाती पडणारी गोळी आज बहुतेक एकाच कुळातली असते, आणि ते कूळ या औषधांतील सर्वांत प्रबळ असे आहे. अर्थशास्त्राच्या अध्यापकाने औषधांविषयी का लिहावे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. कोणी कोणते औषध घ्यावे हे सांगण्याचा प्रस्तुत लेखकाचा अधिकार नाही. परंतु अनेक पर्यायांपैकी एक पर्याय निवडला जातो तेव्हा तो कोण निवडतो, कशाच्या आधारावर निवडतो आणि त्याचे पैसे कोण मोजतो, हा प्रश्न अर्थशास्त्राचाच आहे. आणि पित्ताच्या गोळीइतके त्याचे बोलके उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

प्रारंभी शब्दाचा घोळ निस्तरला पाहिजे. आपण ज्याला ‘पित्त झाले’ म्हणतो त्याचा आधुनिक वैद्यकातील पित्ताशी फारसा संबंध नसतो. पित्त यकृतात तयार होते, पित्ताशयात साठते आणि ते आम्लधर्मी नसते. छातीत जळजळ होते, घशाशी आंबट येते, त्याला कारण जठरातील आम्ल. जठराच्या अस्तरातील काही विशिष्ट पेशी हे आम्ल तयार करतात आणि ते इतके तीव्र असते की जठराला स्वत:चे रक्षण करण्यासाठी श्लेष्माचा थर सतत घालावा लागतो. आयुर्वेदाने ‘आम्लपित्त’ असा जोडशब्द वापरला, तो या दृष्टीने अधिक नेमका म्हणावा लागेल. गंमत अशी की मराठीत अंगावर गांधी उठल्या तरी त्यालाही ‘पित्त उठले’ असेच म्हणतात आणि आमसुलाचे पाणी चोळतात. त्वचेवरची गांध आणि पोटातली जळजळ यांना एकच नाव देणे वरवर पाहता अडाणीपणाचे वाटते. परंतु शरीरात हिस्टामीन नावाचे एक द्रव्य असते. तेच त्वचेत गांधी उठविते आणि तेच जठरातील पेशींना आम्ल सोडण्याचा निरोप देते. आपल्या आज्यांना हिस्टामीन ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. पण शब्दाने मात्र कसा कोण जाणे बरोबर नेम साधला.

तीन पिढ्या

आम्ल कमी करणाऱ्या औषधांच्या ढोबळमानाने तीन पिढ्या आहेत. पहिली पिढी तयार झालेले आम्ल मारते, दुसरी आम्ल तयार करण्याचा निरोप अडविते आणि तिसरी आम्ल तयार करणारे यंत्रच बंद पाडते. हा फरक एकदा ध्यानात आला की पुढील पुष्कळसा गोंधळ टळतो.

पहिल्या पिढीत जेलुसिल, डायजिन यांसारखी पातळ औषधे व चघळायच्या गोळ्या येतात. त्यांत बहुधा ॲल्युमिनियम व मॅग्नेशियम यांची हायड्रॉक्साइडे असतात. पहिल्याने मलावरोध होतो, दुसऱ्याने जुलाब होतात, म्हणून दोहोंचे मिश्रण करण्याची युक्ती निघाली. इनो हा खाण्याच्या सोड्याचाच सुधारलेला अवतार. त्यात सोडियम असल्याने रक्तदाबाच्या रोग्याने जपून राहावे हे बरे. वैद्यांच्या बटव्यातील शंखभस्म चुन्याच्याच जातीचे असल्यामुळे त्याचे कार्यही एका मर्यादेत याच धर्तीचे होते. या औषधांचा गुण काही मिनिटांत येतो आणि रिकाम्या पोटी अर्ध्या-पाऊण तासात ओसरतो. जेवणानंतर घेतल्यास दोन-तीन तास टिकतो. लोहाच्या गोळ्या किंवा काही जंतुनाशके यांच्याबरोबर ती घेतली तर त्या औषधांचे शोषण बिघडते, म्हणून मध्ये दोन तासांचे अंतर ठेवावे लागते. थंड दुधाचा घरगुती उपाय याच वर्गातला खरा, पण त्याचा दिलासा अल्पकाळाचा. दुधातील प्रथिने व कॅल्शियम पुढे अधिक आम्ल निर्माण करवितात.

दुसऱ्या पिढीची कथा जरा सविस्तर सांगण्याजोगी आहे. १९७० च्या सुमारापर्यंत जठरव्रणाचा रोगी अखेरीस शल्यविशारदाच्या टेबलावर जात असे. जठराचा काही भाग कापून काढणे किंवा जठराकडे जाणारा मज्जातंतू छेदणे, हे उपचार त्या काळी सर्रास होत. जेम्स ब्लॅक हे स्कॉटिश संशोधक १९६४ साली इंग्लंडमधील स्मिथ क्लाइन अँड फ्रेंच कंपनीच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. हिस्टामीनला जठरातील पेशींशी जोडणारे जे ग्राहक असते, त्यालाच बुजवून टाकणारे द्रव्य शोधावे, ही त्यांची कल्पना. पहिले द्रव्य तोंडावाटे पुरेसे शोषले जाईना, दुसऱ्याने काही रोग्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी घटल्या, आणि तिसरे यशस्वी झाले. हेच सिमेटिडीन. ते १९७६ साली ब्रिटनच्या बाजारात आले. १९८१ मध्ये ग्लॅक्सोने रॅनिटिडीन आणले. १९८८ साली ब्लॅक यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. शल्यक्रियागृहातील एक अख्खे प्रकरण गोळीने मिटविले, असे या शोधाविषयी म्हणता येईल. या वर्गातील गोळी अर्ध्या-एक तासात लागू पडते, आठ ते बारा तास पुरते आणि रात्रीच्या आम्लावर विशेष उपयोगी पडते. मात्र ती रोज घेत राहिल्यास एक-दोन आठवड्यांतच शरीर तिला सरावते व तिचा जोर कमी होतो.

तिसरी पिढी १९८८ मध्ये स्वीडनच्या ॲस्ट्रा कंपनीच्या ओमेप्राझोलने सुरू झाली. लॅन्सोप्राझोल, पँटोप्राझोल, रॅबेप्राझोल, एसोमेप्राझोल ही त्याचीच भावंडे. आम्ल बाहेर टाकणारा जो पेशीतील पंप, त्यालाच ती कायमची खीळ घालतात. पेशीने नवा पंप बनविला तरच आम्ल पुन्हा सुरू होते. सामर्थ्य असे मोठे आहे. पण पंप चालू असतानाच त्याला खीळ बसते, म्हणून गोळी जेवणापूर्वी सुमारे अर्धा तास घ्यावी लागते आणि पूर्ण गुण यायला तीन ते पाच दिवस लागतात. लग्नाच्या पंगतीत श्रीखंड-पुरीचा आग्रह मोडवला नाही व रात्री छाती जळू लागली, म्हणून त्याच क्षणी ही गोळी घेणारा माणूस चुकीचे हत्यार उचलतो. त्याला तेव्हा हवे असते ते जुने पांढरे पातळ औषधच. पण ते आता जुनाट समजले जाते आणि ‘चांगले’ औषध म्हणून दुकानदार तिसऱ्या पिढीकडे हात नेतो. जेवणानंतर घेतलेल्या या गोळीचा बराचसा गुण वाया जातो, हे सांगण्याइतका वेळ गर्दीत त्याला नसतो.

या भावंडांत श्रेष्ठ कोण, यावर औषध कंपन्यांचे प्रतिनिधी तासन् तास बोलू शकतील. सामान्य रोग्याच्या दृष्टीने, योग्य मात्रेत घेतल्यास त्यांच्यातील फरक किरकोळ आहे. मिलिग्रॅमच्या आकड्यांवर तर मुळीच जाऊ नये. चाळीस मिलिग्रॅमचे पँटोप्राझोल हे वीस मिलिग्रॅमच्या ओमेप्राझोलच्या दुप्पट जोराचे नसते. उलट तोलून पाहिले तर थोडे सौम्यच ठरते. एक फरक मात्र खरोखर महत्त्वाचा आहे. हृदयविकारासाठी क्लोपिडोग्रेल घेणाऱ्या रोग्याला ओमेप्राझोल व एसोमेप्राझोल शक्यतो देत नाहीत, कारण त्यांमुळे क्लोपिडोग्रेलचा प्रभाव कमी होतो. तेथे पँटोप्राझोल बरे. एसोमेप्राझोलची कथा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मुद्दाम अभ्यासावी अशी आहे. ओमेप्राझोलच्या रेणूची आरशातील प्रतिबिंबाप्रमाणे दोन रूपे असतात. त्यांतील एकच रूप वेगळे काढून, अमेरिकेत जुन्या औषधाच्या पेटंटची मुदत संपत असताना, २००१ साली ते तेथे नवे औषध म्हणून आणले गेले. ओमेप्राझोलच्या पेटंटच्या रक्षणासाठी केलेल्या गैरव्यवहाराबद्दल युरोपीय आयोगाने २००५ मध्ये ॲस्ट्राझेनेका कंपनीला ६ कोटी युरो दंड केला, हेही येथे नमूद केले पाहिजे.

स्वस्त देशातील महाग गोळी

भारतापुरते बोलायचे तर आपण या बाबतीत सुदैवी ठरलो. १९७० चा पेटंट कायदा १९७२ मध्ये अमलात आला आणि त्याने औषधाच्या रेणूवर पेटंट देण्याचे नाकारले; फक्त ते बनविण्याच्या पद्धतीवर दिले. परिणामी रॅनिटिडीन काय किंवा ओमेप्राझोल काय, मूळ पेटंट जिवंत असतानाच भारतीय कंपन्यांनी निराळ्या पद्धतीने ती बनवून बाजारात आणली. ग्लॅक्सोचे झिनेटॅक, मुंबईच्या जे. बी. केमिकल्सचे रॅनटॅक, डॉ. रेड्डीज्‌चे ओमेझ ही नावे घरोघर गेली ती या स्पर्धेतून. १ जानेवारी २००५ पासून जागतिक करारामुळे रेणूवरील पेटंटही मान्य करावे लागले, परंतु तोवर ही औषधे आपल्या हाती आलेली होती.

एवढी स्पर्धा असताना भाव उतरावेत, असे कोणतेही पाठ्यपुस्तक सांगेल. प्रत्यक्षात काय दिसते? प्रसिद्ध छापाची पँटोप्राझोलची एक गोळी आज सुमारे दहा रुपयांच्या आसपास पडते आणि जनऔषधी केंद्रात तीच गोळी दोन रुपयांच्या आसपास मिळते. रोज एक याप्रमाणे वर्षाचा हिशेब मांडला तर एकीकडे ३,६५० रुपये आणि दुसरीकडे ७३० रुपये होतात. फरक २,९२० रुपयांचा. दरमहा पगार घेणाऱ्या प्राध्यापकाला हा आकडा जाणवणार नाही. ऊसतोडणीच्या मजुराला तो कित्येक दिवसांच्या राबणुकीचा मोबदला आहे. आणि महाग छाप अधिक खपतो, स्वस्त कमी, हे तर मागणीच्या नियमालाच आव्हान झाले.

याचा उलगडा केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात करून ठेवला आहे. वैद्यकीय सेवेच्या बाजारात विकणाऱ्याला जे ठाऊक असते ते घेणाऱ्याला नसते, आणि घेणाऱ्याला ते पुरते कळणेही शक्य नसते. भाजीमंडईत वांगी किडकी निघाली तर पुढच्या वेळी आपण दुसऱ्या गाड्यावर जातो. गोळीचे तसे नाही. जळजळ थांबली ती गोळीने, उपासाने की आपोआप, हे रोगी ठरवू शकत नाही. म्हणून तो किमतीवरूनच गुण ओळखू पाहतो. महाग म्हणजे चांगले. सरकारी दवाखान्यातून फुकट मिळालेली गोळी ‘लागू पडत नाही’ हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. दर्जाची शंका सर्वस्वी निराधार आहे असेही कोणी म्हणू नये. औषधांची तपासणी करणारी यंत्रणा अपुरी असेल तर छापावर विश्वास ठेवणे हा सामान्य माणसाचा विमाच असतो, फक्त त्याचा हप्ता फार मोठा आहे. १९७५ साली जयसुखलाल हाथी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने छापील व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने रद्द करण्याची शिफारस केली होती. ती तशीच राहिली, कारण नावे पुसायची तर त्यामागे दर्जाची हमी शासनाने द्यायला हवी होती.

किंमत नियंत्रणाचेही असेच आहे. २०१३ च्या आदेशान्वये आवश्यक औषधांच्या यादीतील औषधाची कमाल किंमत ठरते ती बाजारात किमान एक टक्का वाटा असलेल्या छापांच्या किमतींची सरासरी काढून. पूर्वी उत्पादनखर्च पाहत असत. म्हणजे ज्या किमतीला लगाम घालायचा त्याच किमतीवरून लगामाची लांबी ठरवायची! शिवाय यादीबाहेरच्या औषधाला ही मर्यादा नाही. त्याने वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढू नये, एवढेच बंधन. यादीतल्या औषधांपासून निसटण्याचा सोपा मार्ग म्हणजे दोन औषधे एका कॅप्सूलमध्ये भरणे. पँटोप्राझोल आणि डॉम्पेरिडोन यांचे मिश्रण आज ठिकठिकाणी लिहिले जाते. डॉम्पेरिडोन हे उलटीवरचे औषध. हृदयाच्या ठोक्यांवर त्याचा विपरीत परिणाम होऊ शकतो म्हणून युरोपीय औषध संस्थेने २०१४ मध्ये ते केवळ मळमळ व उलटी यांसाठी, आणि तेही सामान्यत: आठवडाभरच द्यावे असे ठरविले, जळजळीसाठी नाही. अमेरिकेत त्याला कधी मान्यताच मिळाली नाही. आपल्याकडे मात्र ज्याला उलटीचा मागमूसही नाही तो रोगी हे मिश्रण महिनोन् महिने सकाळी चहाआधी घेतो.

बरे करणारे औषध

या साऱ्या प्रकरणातील सर्वांत विचार करण्याजोगा भाग वेगळाच आहे. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरेन व बॅरी मार्शल यांनी जठरात राहणारा एक जंतू वेगळा काढला. जठरव्रणाचे प्रमुख कारण मसालेदार जेवण किंवा मनस्ताप नसून हा जंतू आहे, असे ते म्हणू लागले. कोणी मानीना, तेव्हा मार्शल यांनी १९८४ मध्ये जंतूचे मिश्रण स्वत: प्राशन केले व जठरदाह ओढवून घेतला. दोघांना २००५ चे नोबेल मिळाले. हेलिकोबॅक्टर पायलोरी हे त्या जंतूचे नाव. भारतात निम्म्याहून अधिक प्रौढांच्या जठरात तो असतो. सर्वांना व्रण होत नाही हे खरे, पण ज्यांना होतो त्यांना जंतुनाशके व आम्लरोधक यांचा साधारण दोन आठवड्यांचा क्रम दिला तर रोग मुळापासून जाऊ शकतो. आता व्यापाराच्या नजरेने पाहा. दोन आठवड्यांत गिऱ्हाईक मोकळे करणारा उपचार आणि वर्षानुवर्षे रोज एक गोळी विकणारा उपचार, यांपैकी कोणत्याची जाहिरात होईल? यात कोणाचे कारस्थान आहे असे नाही. ज्यात नफा त्याचा प्रसार, हा साधा व्यवहार आहे. दुर्दैव असे की रोजची गोळी रोगाचे मूळही झाकते. ती चालू असताना श्वासाची किंवा मलाची जंतूविषयक तपासणी खोटा दिलासा देऊ शकते, म्हणून तपासणीपूर्वी ती दोन आठवडे बंद ठेवावी लागते. शिवाय आपण सर्दी-पडशालाही जंतुनाशके खात आलो असल्याने भारतात या जंतूने काही नेहमीच्या जंतुनाशकांना दाद देणे कमी केले आहे.

तिसऱ्या पिढीची औषधे वाईट आहेत असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. अन्ननलिकेला जखमा झालेल्या असतील, व्रणातून रक्तस्राव झालेला असेल, वयस्कर माणसाला ॲस्पिरिन वा वेदनाशामक दीर्घकाळ घ्यावे लागत असेल, तर ही गोळी जीव वाचविते आणि ती परस्पर बंद करणे धोक्याचे ठरते. प्रश्न आहे तो, दाढदुखीच्या तीन दिवसांच्या गोळ्यांसोबत ‘पोटाला बरी’ म्हणून आली आणि मग घरातच राहिली त्या गोळीचा. महिनोन् महिने घेतलेली गोळी एकदम सोडली तर दाबून ठेवलेले आम्ल काही दिवस उसळी मारते. रोग्याला वाटते, रोग परत आला, आणि तो पुन्हा दुकानाची पायरी चढतो. दीर्घ वापराने ब-१२ जीवनसत्त्व व मॅग्नेशियम कमी होऊ शकते. जो समाज ब-१२ बाबत आधीच कमतरतेचा, त्याने याकडे कानाडोळा करणे परवडणारे नाही.

जुने ते निर्धोक, हेही गृहीत धरता येत नाही. २०१९ मध्ये रॅनिटिडीनमध्ये कर्करोगकारक समजले जाणारे एक द्रव्य आढळले. साठवणीत आणि उष्णतेत ते वाढते असेही दिसले. ग्लॅक्सोने आपला माल परत घेतला, एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेने हे औषध बाजारातून काढावयास लावले आणि सप्टेंबर २०२२ मध्ये भारत सरकारनेही ते आवश्यक औषधांच्या यादीतून वगळले. ज्यांना या पिढीचीच गोळी मानवते त्यांच्यासाठी फॅमोटिडीन आहे. त्याच्यावर हा ठपका नाही. मे महिन्यात फलटणच्या पत्र्याच्या छपराखालील दुकानात गोळ्या किती तापत असतील याचा विचार मात्र या निमित्ताने व्हायला हवा होता, तो झाल्याचे दिसले नाही.

आणखी एक गोष्ट पैशापलीकडची आहे. छातीत मधोमध दुखते, दरदरून घाम येतो, डावा हात किंवा जबडा अवघडतो. माणूस ‘पित्तच असेल’ म्हणतो, गोळी घेतो आणि पडून राहतो. हृदयविकाराच्या झटक्यातील मोलाचा तास अशा एका गोळीत निघून जातो. काळा शौच, गिळताना अडकणे, कारणावाचून घटणारे वजन ही लक्षणेही या गोळीखाली पुष्कळ दिवस दडून राहू शकतात.

राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २ ऑगस्ट २०२३ रोजी डॉक्टरांनी औषधाचे मूळ नावच लिहावे असा नियम प्रसिद्ध केला आणि तीन आठवड्यांत, २३ ऑगस्टला, तो स्थगित केला. तेव्हाच्या चर्चेत सगळा भर नावावर होता. चिठ्ठीवर गोळीचे नाव असते, सकाळ-संध्याकाळच्या खुणा असतात, सहीही असते. ती किती दिवस घ्यायची आणि कोणत्या तारखेला थांबवायची, हा रकाना बहुतेक चिठ्ठ्यांवर कोराच राहतो. तो भरून मागायला कोणत्याही आयोगाच्या नियमाची गरज नाही, आणि त्यासाठी रोग्याला डॉक्टरांपुढे फार तर अर्धे मिनिट अधिक बसावे लागेल.